ओल्या चड्डीपाशी अडलेली शाळा

‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ या देशव्यापी योजनेचा मुहूर्त दिल्लीत नव्हे, पालघरला झाला, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या लक्षात असेल. तारीख होती ६ फेब्रुवारी २०१३. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका. स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून दीड वर्ष जायचे होते. सोनिया गांधींच्या हस्ते सुरू झालेल्या या योजनेने काम मोठे अंगावर घेतले. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासायचे. जन्मतःची व्यंगे, आजार, पोषणातल्या उणिवा आणि खुंटलेला विकास अशा चार गटांतली तीसेक दुखणी वेळेवर हुडकायची. आणि पुढच्या उपचारांची वाट दाखवायची. अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा, शाळेतल्या मुलांची एकदा.

मुलाचे दुखणे वेळेवर कळणे ही लहान गोष्ट नव्हे. पूर्वी ‘मूल जरा मंद आहे, होईल हळूहळू’ एवढ्यावर वर्षे निघून जात. आता निदान दुखण्याला नाव मिळते. पण डॉक्टरांची गाडी निघून गेली, की घरात एक प्रश्न उरतो आणि तो कोणत्याच रकान्यात बसत नाही. मूल चार वर्षांचे झाले, तरी शी-शू सांगत नाही. त्याला अंगणवाडीत पाठवायचे की नाही?

विषय नाक मुरडण्याजोगा आहे खरा. रविवारी सकाळी चहाच्या कपाबरोबर वाचावा असा तर मुळीच नाही. परंतु ज्यांच्या घरात असे मूल आहे, त्यांचा दिवस याच प्रश्नाने सुरू होतो आणि रात्रही यानेच संपते. ‘अजून सांगत नाही ना? मग पुढच्या वर्षी आणा,’ हे वाक्य अशा पालकांना नवे नसते. पुढचे वर्ष येते, आणि तेच उत्तर पुन्हा मिळते. मुलाची शाळा अशी ओल्या चड्डीपाशी अडते. शाळा अडली की आईची नोकरी अडते, धाकट्या भावंडाकडे दुर्लक्ष होते, आणि घरातली वडीलधारी माणसे ‘लाडावून ठेवलंय’ म्हणून मोकळी होतात. दोष असतो तो एकट्या आईचा. तो तसा खरोखर आहे का, हे तपासून पाहायला हवे.

आईच्या पायांचे आसन

आपल्याकडे ही सवय लावण्याची एक जुनी रीत होती आणि ती अगदी साधी होती. आई किंवा आजी पाय लांब करून बसायची, दोन्ही पावलांच्या मधल्या जागेवर बाळाला बसवायची, पाठीला आपल्या पोटऱ्यांचा टेकू द्यायची आणि ‘शूऽऽ’ असा आवाज काढायची. दूध पाजल्यावर, झोपेतून उठल्यावर, आंघोळीच्या आधी. बाळ सहा महिन्यांचे होईतो त्या आवाजाचा आणि त्या बैठकीचा अर्थ त्याला कळू लागे. बाळोती धुवून धुवून हात झिजत, ते निराळे. पण ओले झाले की बाळाला ओले लागे, आणि आईलाही लगेच कळे.

पुढे पाश्चात्त्य बालरोगशास्त्राने निराळा विचार मांडला. अमेरिकेतले डॉक्टर टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये सांगितले, की मुलावर जबरदस्ती करू नका. ते तयार झाल्याची लक्षणे दिसू द्या, मग सुरुवात करा. तिकडे फार लवकर आणि फार कडकपणे सवय लावण्याची पद्धत होती. तिच्यावर हा उतारा होता, आणि तो योग्यच होता. बहुतेक मुले दोन ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान दिवसा कोरडी राहू लागतात, रात्रीचे त्यानंतर. पाच वर्षांच्या शंभरांतली पंधराएक मुले रात्री अंथरूण ओले करतात आणि त्यांतली बहुतेक आपोआप सुधारतात.

अडचण येते ती इतरांहून वेगळ्या मुलाची. डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलात ‘तयारीची लक्षणे’ उशिरा दिसतात, कधी दिसतच नाहीत. ते शब्दाने सांगणार नाही, भांड्याकडे धावणार नाही, ओले झाल्याची तक्रारही करणार नाही. अशा मुलाच्या बाबतीत वाट पाहत बसणे म्हणजे संधी घालवणे. १९७१ मध्ये नेथन ॲझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांना पद्धतशीरपणे ही सवय लावून दाखवली. ‘यांना हे कधी जमायचेच नाही,’ असे ज्यांच्याविषयी सगळे म्हणत, त्यांना ते जमले. तेव्हा मूल वेगळे असले म्हणजे सवय लागणार नाही, हा समज चुकीचा आहे. वेळ जास्त लागेल, पायऱ्या लहान कराव्या लागतील, एवढेच.

एक सवय, अनेक पायऱ्या

आपण ‘शी-शू सांगणे’ म्हणतो तेव्हा ती एक गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती सात-आठ गोष्टींची साखळी आहे. पोट भरल्याची जाणीव व्हायला हवी. ती थोडा वेळ दाबून धरता यायला हवी. कुणाला तरी सांगता यायला हवे. तिथवर जाता, कपडे उतरवता, तोल सांभाळून बसता यायला हवे. मग सोडता आणि शेवटी धुता यायला हवे. प्रत्येक मुलाची साखळी निराळ्या कडीपाशी तुटते. ती कडी कोणती, हे ओळखले की अर्धे काम झाले.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला जाणीव असते, पण बसताना तोल जातो. पडण्याच्या भीतीने त्याचे अंग आखडते आणि आखडलेल्या अंगाने शी होत नाही. त्याला हवा असतो तो पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार, आणि पाय टेकायला जागा. प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून, खाली भांडे ठेवून, छातीशी मऊ पट्टा बांधला तरी पुष्कळ साधते. स्वमग्न मुलाला संडासातला वास, फ्लशचा आवाज किंवा ओली फरशी सहन होत नाही. त्याला रोज तीच वेळ, तीच जागा, तोच क्रम आणि भिंतीवर क्रमाने लावलेली चार चित्रे उपयोगी पडतात. डाउन सिंड्रोमच्या मुलाचे स्नायू सैल असतात, शिकण्याचा वेग कमी असतो, बद्धकोष्ठाचा त्रास नेहमीचा. थायरॉईडचे आणि आतड्याचे काही विकारही या मुलांत जास्त आढळतात, म्हणून पोट सतत कडक राहत असेल तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

बद्धकोष्ठाबद्दल एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. आतड्यात कडक मळ साठला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो आणि चड्डीला लागतो. घरचे समजतात जुलाब झाले, आणि जुलाब थांबवायचे औषध देतात. दुखणे आणखी वाढते. तोच साठलेला मळ मूत्राशयाला दाबतो, म्हणून शूही वारंवार होते. अशा मुलाला रागावून काय होणार? आधी पोट साफ व्हायला हवे, सवय त्यानंतर.

सिकलसेलचे मूल हे आणखी एक उदाहरण. हा आजार आदिवासी समाजांत अधिक आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या मुलांची मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत. म्हणून लघवी जास्त होते, आणि मोठेपणीही अंथरूण ओले होते. आई घाबरून संध्याकाळनंतर पाणी बंद करते. शाळेतही मूल पाणी पीत नाही, कारण लघवीला जायची सोय नसते. पण अंगात पाणी कमी पडले, की सिकलसेलच्या रुग्णाला वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणजे कोरड्या अंथरुणाची किंमत आजारपणाने मोजावी लागते. या मुलाला पाणी हवे, आणि मागितल्याबरोबर लघवीला जाऊ द्यायला हवे.

काही मुलांना केवळ सवयीने भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. पाठीचा मणका जन्मतः नीट न मिटलेल्या मुलात, म्हणजे स्पायना बायफिडात, मूत्राशयाच्या नसांनाच इजा झालेली असते. ठरावीक वेळी नळीने लघवी काढण्याची साधी पद्धत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जॅक लॅपिडिस यांनी रूढ केली आणि असंख्य मुलांची मूत्रपिंडे वाचली. तेव्हा मूल सतत थेंब थेंब ओले राहत असेल, लघवीची धार बारीक असेल, ताप येऊन जळजळ होत असेल, कमरेच्या खाली पाठीवर खळगा किंवा केसांचा पुंजका असेल, तर आधी डॉक्टर. कोरडे राहणारे मूल एकाएकी पुन्हा ओले करू लागले, सारखे पाणी मागू लागले, वजन उतरू लागले, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्यावी. तो मधुमेह असू शकतो.

फ्लॅट, चाळ आणि पाडा

आता हेच सारे पालघर-बोईसर परिसरात नेऊन पाहू. तारापूरच्या अणुवीज केंद्राने १९६९ मध्ये वीज द्यायला सुरुवात केली, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे इथे आली. त्यामुळे पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूत तीन निराळी जगे नांदतात.

पहिले जग फ्लॅटचे. इथे पाणी आहे, घरात कमोड आहे, पण आजी गावी आहे. सकाळी मुलाला डायपर चढते आणि रात्री उतरते. डायपर हे काही पाप नव्हे. प्रवासात, आजारपणात, काही मुलांना तर कायमचीच ती गरज असते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यावरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे बरेच झाले. पण दिवसभर डायपरमध्ये असलेल्या मुलाला ओले होणे म्हणजे काय, हेच कळत नाही. निदान घरी असताना दिवसातले दोन तास ते सोडायला हवे. कमोडवर बसवताना पाय लोंबकळत ठेवू नयेत. पायांखाली पाट द्यावा. गुडघे कमरेहून थोडे वर आले की शी सुलभ होते.

दुसरे जग कामगारांच्या चाळीचे. दहा बाय दहाची खोली, संडास सामाईक, सकाळी रांग. ज्या मुलाला ‘आली’ म्हटल्यावर दोन मिनिटेही धरवत नाही, त्याने रांगेत कसे उभे राहायचे? इथे खोलीतल्या मोरीशेजारचे झाकणाचे भांडे हाच खरा उपाय. आणखी एक गोष्ट या भागातच विशेष दिसते. घरात भोजपुरी किंवा ओडिया, शेजारी हिंदी, अंगणवाडीत मराठी. पाड्यावर वारली. प्रत्येक भाषेत शी-शूचा शब्द निराळा. ज्या मुलाला मुळात दोन-चारच शब्द येतात, त्याने कोणत्या भाषेत सांगायचे? आईने पहिल्याच दिवशी अंगणवाडीताईंना आपल्या मुलाचा शब्द किंवा हाताची खूण सांगून ठेवावी, आणि सगळ्यांनी तीच वापरावी. याला खर्च काही नाही.

तिसरे जग पाड्याचे. स्वच्छ भारत मोहिमेत २०१४ नंतर घरटी १२ हजार रुपयांच्या अनुदानातून शौचालये झाली. पण ती झाली मोठ्या माणसांच्या मापाची. अरुंद दार, अंधार, मोठे भांडे आणि पकडायला काही नाही. पाय अधू असलेले मूल तिथे आत जायलाच घाबरते. भिंतीत बसवलेला एक लोखंडी गज किंवा आडवा बांबू, आणि भांड्यावर ठेवायची लाकडी चौकट, एवढ्याने फरक पडतो. शिवाय पावसाळ्याचे चार महिने असतातच. गोधड्या वाळत नाहीत, आणि रात्री ओले करणाऱ्या मुलाची आई तेव्हा कोणत्या हालात असते, हे तिचे तिलाच ठाऊक.

या तिन्ही जगांना जोडणारी एक गोष्ट आहे: लोकल. २०१३ च्याच एप्रिलमध्ये ती डहाणूपर्यंत आली. मोठी तपासणी म्हटली की परळचे वाडिया रुग्णालय किंवा हाजी अलीची पुनर्वसन संस्था. बोईसरहून जायचे म्हणजे दीड-दोन तासांचा प्रवास. लोकलच्या डब्यात संडास नसतो. आठ वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन, पिशवीत तीन जोड कपडे घेऊन, गर्दीच्या बायकांच्या डब्यात बसलेल्या आईला विचारा, की ही सवय म्हणजे तिच्या दृष्टीने काय चीज आहे. उपचार जिल्ह्यातच मिळावेत, ही मागणी म्हणून केवळ सोयीची नाही.

कोणाचे काम?

प्रश्न शेवटी येऊन ठेपतो तो इथे. मुलाला ही सवय लावणे हे काम कोणाचे? आरोग्य खाते म्हणेल, आम्ही निदान केले. अंगणवाडी म्हणेल, आमच्याकडे एक ताई आणि एक मदतनीस; आहार, वजने, नोंदी कधी करायच्या? शाळा म्हणेल, शिक्षकांनी चड्डी बदलायची का? यातले कोणतेच उत्तर खोटे नाही. पण सगळ्यांची उत्तरे एकत्र केली, की काम आईकडेच परत येते.

कायदा मात्र आईच्या बाजूने आहे. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. त्यांत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व आहे, तसा सिकलसेलही आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत व सोयी त्याला वापरता याव्यात आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, असे हा कायदा सांगतो. शू सांगता न येणे हे अपंगत्वाचाच भाग असेल, तर त्या कारणाने परत पाठवणे या कायद्याच्या विरुद्ध जाते. इंग्लंडमध्येही २०१० च्या समानता कायद्याने शाळांना अशी टाळाटाळ करता येत नाही. अंगणवाडीसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांकरिता स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. अंगणवाडीच्या शौचालयासाठीची रक्कम १२ हजारांवरून ३६ हजार करण्यात आली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध अपंगत्व यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची विमा योजना आहे. म्हणजे कागदावर पुष्कळ आहे. नाही ते एवढेच, की सकाळी साडेदहा वाजता मुलाला हाताला धरून भांड्यावर कोण बसवणार, याचे उत्तर.

ते उत्तर फार महाग नाही. सवयीचे शास्त्र असे सांगते, की जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत आतड्याची हालचाल वाढते. तेव्हा आहार झाल्यावर पाच मिनिटे बसवायचे, झाले तर कौतुक, नाही झाले तर गप्प उठवायचे, मारणे-लाजवणे नाही. आधी आठवडाभर घरच्यांनी कोणत्या वेळी ओले झाले ते लिहून काढायचे, म्हणजे मुलाचे घड्याळ कळते. चड्डी नाडीची नको, इलॅस्टिकची हवी. यासाठी मदतनिसांना दोन दिवसांचे रीतसर शिक्षण, अंगणवाडीत आधाराची एक खुर्ची, हाताशी पाणी, साबण आणि आडोसा लागतो. या कामाचा मोबदलाही त्यांना मिळायला हवा. दुसऱ्याच्या मुलाची शी काढणे हे पुण्यकर्म म्हणून फुकट करून घ्यायचे काम नाही. आणि घरी पहिल्या पाळीला जाणाऱ्या बापाने संध्याकाळची, दुसऱ्या पाळीच्या बापाने सकाळची बैठक सांभाळली, तर त्याच्या पुरुषार्थाला बाधा येत नाही.

यात आणखी एक गंभीर मुद्दा आहे, तो सहसा बोलला जात नाही. जे मूल धुण्या-पुसण्यासाठी दहा-बारा वर्षांपर्यंत दुसऱ्यांच्या हातावर अवलंबून राहते, त्याच्या अंगाला कोणीही हात लावू शकतो. आणि ते सांगूही शकत नाही. मुलगी असेल तर आईचा जीव टांगणीला लागतो. मुलगा असला म्हणून धोका टळतो असेही नाही. स्वतःची चड्डी स्वतः वर ओढता येणे, दार लोटता येणे, ‘नको’ म्हणता येणे ही त्या मुलाची पहिली सुरक्षितता आहे.

बोर्डीचा धडा

गंमत अशी, की या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्यात ऐंशी वर्षांपूर्वी सापडले होते. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. आज देशभर पसरलेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ तिथे आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली, तीही याच विचाराने. आणि त्या बालवाडीत मुले स्वच्छ होऊन यावीत अशी अट नव्हती. अंग धुणे, केस विंचरणे, नखे कापणे हा तिथला अभ्यासक्रमच होता.

आज आपण नेमके उलटे करतो. स्वच्छतेची सवय लागल्यावर मुलाला आत घेतो. ज्याला ती शिकायची सर्वांत जास्त गरज आहे, तेच दाराबाहेर राहते. पालघरात सुरू झालेल्या तपासणीला बोर्डीतल्या या विचाराची जोड मिळाली, तर ‘तुमच्या मुलाला अमुक आजार आहे’ हे सांगणाऱ्या पथकाच्या मागोमाग ‘चला, त्याला बसायला शिकवू’ असे म्हणणारे माणूसही येईल. जिल्हा परिषदेने येत्या जूनमध्ये एका तालुक्यातल्या पंचवीस अंगणवाड्यांत पंचवीस आधाराच्या खुर्च्या ठेवून सुरुवात करावी. तोवर आपल्यापुरते एवढे तरी करता येईल: शेजारच्या घरातले मूल अजून ओले करते म्हणून त्याच्या आईला सल्ला देण्याआधी, तिला तासभर उसंत मिळावी म्हणून त्या मुलाला आपल्या घरी बसायला बोलावता येईल.